गावचा पत्ता, इथले दुखणे

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी वैद्यकीय विभागाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी आपल्याकडे प्रथा आहे. तपासलेले रुग्ण, पार पडलेल्या शस्त्रक्रिया, नव्याने आलेली यंत्रसामग्री यांचे तक्ते अहवालाच्या परिशिष्टात छापले आहेत. ते आपण सवडीने पाहालच. विश्वस्तांच्या अनुमतीने आज आम्ही त्या तक्त्यांत न दिसणाऱ्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. परजिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून या औद्योगिक पट्ट्यात आलेली व इथेच म्हातारी झालेली, किंवा म्हातारपणी इथे आणली गेलेली माणसे, आणि त्यांच्या वाट्याला येणारे आरोग्य, हा तो विषय होय.

पिंपरी-चिंचवड हे शहर बाहेरून आलेल्यांनीच घडवले आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे पिंपरीच्या कॅम्पात उतरली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि त्या कारखान्याबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यांतील तंत्रज्ञ व कामगार आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात आकुर्डी, भोसरी, चिंचवड या गावांच्या शेतांत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील आणि सोलापूर-नगरकडील कितीतरी घरे हलवली, त्यांतली काही इकडे येऊन स्थिरावली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. घरच्या पाळण्यांनी दहा वर्षांत एवढी वाढ होत नाही, हे सांगायला वैद्यकशास्त्राची गरज नाही. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेल्या भुईकोटासाठी ओळखले जाणारे हे गाव आज शेकडो गावांची पोरे पोटात घेऊन वावरते आहे. आपण ज्यांना स्थानिक म्हणतो त्यांतील पुष्कळांचे कुलदैवत दुसऱ्याच जिल्ह्यात असते. आम्हां डॉक्टर-परिचारिकांपैकीही अनेकांचे तसेच आहे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे हे वृद्ध एकाच प्रकारचे नाहीत, आणि त्यांना एकाच मापाने मोजल्यास उपचार चुकतात. त्यामुळे थोडे फोड करून सांगावे लागेल.

पहिला वर्ग कॅम्पातील सिंधी ज्येष्ठांचा. फाळणीच्या वेळी आईच्या कडेवर आलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. यांची पुढची पिढी व्यापारात रुजली, अनेक कुटुंबे सधन झाली, आणि आपल्या देणगीदारांच्या यादीतही ती मानाने आहेत. तरीही त्या पिढीतील काही आजी-आजोबांची एक अडचण बाहेरच्याला कळत नाही. त्यांना अक्षरओळख झाली ती अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. १९६७ मध्ये सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, परंतु औषधाच्या पाकिटावर ती भाषा कधी उतरली नाही. मराठीत लिहिलेले 'रात्री झोपताना एक' त्यांच्यासाठी केवळ एक नक्षी असते. घरात वाचून दाखवणारे कोणी असेल तोवर हे निभावते. मुले परदेशी आणि जोडीदार गेलेला, अशी घरे आता वाढत आहेत.

दुसरा वर्ग मोठा. तरुणपणी कामाला आलेले आणि इथेच निवृत्त झालेले कामगार. यांतही दोन तट आहेत, आणि ते तट बोलीवरून किंवा धर्मावरून पडलेले नसून हजेरीपत्रकावरून पडले आहेत. मोठ्या कारखान्यात कायम नोकरी केलेल्याला भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि कुठे कुठे कंपनीची वैद्यकीय मदतही मिळाली. त्याच कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये कंत्राटदाराच्या हाताखाली ३० वर्षे राबलेल्याला यांतले बहुतेक काही मिळाले नाही. यंत्र मात्र दोघांचे सारखेच होते. प्रेसशॉपचा ठोका, फोर्जिंगचा घण, फाउंड्रीतील वाळूची धूळ. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हे दोन्ही अधिसूचित करावयाचे रोग म्हणून समाविष्ट होते. पण ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत धड नाही, त्याचा रोग अधिसूचित करायचा कोणी?

या बहिरेपणाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपल्या पट्ट्यातील तो खास वारसा आहे आणि त्याची सर्वांत कमी दखल घेतली जाते. यंत्राच्या गोंगाटाने कानातील सूक्ष्म पेशी मरतात त्या आधी वरच्या पट्टीतील आवाज ओळखणाऱ्या. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. पुरुषाचा जाड आवाज समजतो. सुनेचा आणि नातीचा समजत नाही. घरची मंडळी म्हणतात, 'ऐकू येतं हो, पण मुद्दाम लक्ष देत नाहीत.' मग घरात कुरबुर, मग अबोला, आणि दोन-तीन वर्षांनी 'बाबांना आता काही कळत नाही, विसरायला लागलेत' अशी तक्रार घेऊन मुलगा येतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तीनही अहवालांत बहिरेपणा हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक म्हणून नोंदवले आहे. ज्याला आपण वेडसर ठरवून कोपऱ्यात बसवले, त्याला कदाचित एका श्रवणयंत्राची गरज होती. त्याची बोली आपल्याला परकी असली तर हा गोंधळ दुप्पट होतो. डॉक्टर हिंदीत विचारतात, तो भोजपुरी जाणतो, आणि तीही त्याला अर्धीच ऐकू येते. मग केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करीत नाही' असा शेरा पडण्यास कितीसा वेळ लागणार?

तिसरा वर्ग आम्हांला सर्वांत अधिक काळजीत टाकतो. हे वृद्ध इथे कामाला आले नव्हते, त्यांना आणले गेले. गावी शेती राहिली नाही, किंवा जोडीदार गेला, किंवा नातवंडे सांभाळायला घरात कोणी हवे होते. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या चाकणभोवतालच्या गावांत शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगाच रांगा आहेत. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. मुलगा तीन पाळ्यांत काम करतो. रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपतो तेव्हा आई बाहेर ओट्यावर बसते, ऊन सरकेल तशी ती सरकते. संडास सामाईक, तोही रांगेच्या टोकाला. म्हणून ती पाणी कमी पिते. हे कोणी तिला शिकवलेले नसते. अडचणीतून तिने काढलेला तो तोडगा असतो. त्याचे परिणाम आमच्याकडे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, उन्हाळ्यात भोवळ येऊन पडणे आणि पडल्यावर खुब्याचे हाड मोडणे या नावांनी दाखल होतात. निदान आम्ही बरोबर लिहितो. कारणाच्या रकान्यात 'संडास दूर आहे' असे लिहिण्याची सोय केसपेपरवर नाही.

या आया केवळ परप्रांतीय नाहीत. लातूर, बीड, नांदेड, यवतमाळ येथून आलेल्या आजीही इथे तितक्याच उपऱ्या असतात. फरक इतकाच की त्यांना मराठी येते, ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली की त्यांच्या चेहऱ्यावर आपल्या गावात आल्याची कळा येते, आणि त्यांचे केशरी शिधापत्रक निदान याच राज्याचे असते. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या मातेला यांतले काहीच नसते. वर्षातून एकदा छठपूजेला नदीच्या घाटावर ती आपल्या माणसांत असते.

वैद्यकीय साहित्यात एक निरीक्षण वारंवार आढळते. स्थलांतर करून आलेली माणसे सुरुवातीला मूळ रहिवाशांपेक्षा अधिक निरोगी दिसतात. कारण उघड आहे. धट्टेकट्टे असतात तेच घर सोडतात. आणि जो फार आजारी पडतो, तो पुष्कळदा आपल्या मातीत परत जातो. या दोन्ही गोष्टींमुळे शहराच्या नोंदवह्यांत स्थलांतरितांचे आजार कमी दिसतात. आपल्या रुग्णालयातही हे घडते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान सांगितल्यावर 'डॉक्टरसाहेब, आता गावी नेतो' असे म्हणून उठणारा मुलगा आम्ही अनेकदा पाहिला आहे. तो रुग्ण पुढे आमच्या मृत्यूच्या तक्त्यात येत नाही, उपचाराच्याही येत नाही. गावाकडच्या आरोग्यकेंद्रात तो शेवटच्या अवस्थेत पोहोचतो आणि तेथील डॉक्टरांना आधीचे काहीच ठाऊक नसते. परिशिष्टातील आमचे तक्ते पाहताना ही गळती ध्यानात ठेवावी, अशी विनंती आहे. २०१७-१८ मध्ये देशभरात ७२ हजारांहून अधिक प्रौढ व ज्येष्ठांची पाहणी करून 'लासी' नावाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला, ही मोठीच गोष्ट घडली. पण अशी पाहणी घरोघर जाते, आणि जो सहा महिने इथे व सहा महिने तिथे राहतो त्याचे घर कोणते, हा प्रश्न उरतोच.

सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे. याचा एक अगदी साधा परिणाम सांगतो. रक्तदाबाची गोळी गावच्या डॉक्टरांनी एका नावाने दिलेली असते, इथल्या डॉक्टरांनी त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी दुसऱ्या नावाने दिलेली असते. आजी दोन्ही घेतात, कारण दोन्ही डॉक्टर चांगले आहेत आणि दोघांचाही मान राखायचा असतो. ॲम्लोडिपिन दुप्पट पोटात गेले की पाय सुजतात, उठताना चक्कर येते. मग पायांच्या सुजेसाठी तिसरी गोळी सुरू होते. याच्या उलटही घडते. गोळ्या संपतात, गावी जाण्याचे दिवस जवळ आलेले असतात, 'आता तिकडे गेल्यावर बघू' म्हणून महिनाभर औषध बंद राहते आणि अर्धांगवायू होतो. आमच्या पाहण्यात असे झटके सणासुदीच्या, लग्नसराईच्या प्रवासानंतर येतात.

आता भाषेविषयी. भाषेची अडचण दुभाष्याने सुटते असे वाटते. पण दुभाषी कोण असतो? बहुधा आठ-दहा वर्षांचा नातू, कारण शाळेत जाऊन मराठी तोच शिकला आहे. पासष्टीच्या बाईला अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, लघवी आपोआप होते, पाळी जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले आहे. हे ती त्या नातवाच्या तोंडून डॉक्टरांना कसे सांगणार? मुलालाही ती सांगत नाही. ती म्हणते, 'कमर में दर्द है.' आम्ही कंबरेचा एक्स-रे काढतो. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव हे गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते आणि लवकर कळल्यास तो बरा होतो, हे आम्ही भाषणांतून सांगत असतो. तिला सांगणारी आणि तिचे ऐकणारी एखादी बाई त्या खोलीत असणे त्याहून महत्त्वाचे आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या आया-मावश्या आणि सफाई कर्मचारी भगिनींपैकी ज्यांना भोजपुरी, उडिया, कन्नड, गोरमाटी किंवा सिंधी येते त्यांची नावे आम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावली आहेत. डॉक्टरांना जे कळत नव्हते ते या भगिनींमुळे कळू लागले. त्यांना या कामाचा वेगळा मेहनताना मिळावा असे आमचे स्पष्ट मत आहे. चांगुलपणावर काही काळ भागते, कायमचे भागत नाही.

यानंतर कागद. विश्वस्तांना ठाऊकच आहे की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये ठरवण्यात आली. तातडीच्या वेळी अनामत न मागता दाखल करून घेणे हेही बंधन आहे आणि ते आपण पाळतो. पण तातडीची वेळ टळल्यावर कागद मागावा लागतो. योजना गरिबी उत्पन्नावरून ओळखते आणि उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यावरून किंवा शिधापत्रकावरून. खरी गरीब असलेली, परंतु ज्या तालुक्यात राहते तेथील एकही कागद नसलेली म्हातारी आपल्या वैद्यकीय समाजसेवकांपुढे बसते तेव्हा त्यांना तिचे दारिद्र्य डोळ्यांनी दिसत असते आणि हातांना सापडत नसते.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची योजना २०२३ च्या निर्णयानुसार शिधापत्रकधारक व अधिवासी अशा सर्वांसाठी खुली करून तिची मर्यादा ५ लाखांवर नेण्यात आली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे आणि ती राज्याच्या सीमेपलीकडेही चालते, हा तिचा मोठा गुण. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, तिचा लाभ देण्यात आला. या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत केले. मात्र वय ठरते आधारपत्रावरून. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नव्हती अशा असंख्य वृद्धांची जन्मतारीख आधारपत्रावर १ जानेवारी अशी आहे आणि वर्ष कोणीतरी अंदाजाने घातलेले. दुष्काळात पहिले मूल कडेवर होते असे सांगणारी बाई कागदावर जेमतेम पासष्टची भरते. बोटांचे ठसेही कित्येकांचे उमटत नाहीत. सिमेंट-वाळूने, शेतीने ते झिजलेले असतात. आणि प्रेसवर काम केलेल्यांपैकी काहींची तर ती बोटेच उरलेली नसतात.

शिवाय या योजना दाखल रुग्णासाठी आहेत. वृद्धाचे आजार हे बहुतांशी खाटेवर पडण्याआधीचे आजार. रोजची रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची तपासणी, चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा यांचा खर्च त्यांत बसत नाही. पक्षाघात झाल्यावर ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळेल. तो टाळणारी महिन्याची गोळी स्वतःच्या खिशातून. साठ ते सत्तर या दशकात तर, जेव्हा औषधाने सर्वाधिक फरक पडतो, अनेकांच्या हाती काहीच नसते. २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांमुळे किमतीचा प्रश्न थोडा हलका झाला आहे. चाकणच्या खोलीतून तिथवर जायचे कसे, हा उरला आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ कामगारांना माहीत नसते, म्हणून नातेवाइकांसाठी मुद्दाम सांगतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारकाच्या कुटुंबात त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही समावेश होऊ शकतो. मुलाच्या पगारातून हप्ता कापला जात असतो आणि आईचे नाव मात्र कार्डावर चढवलेले नसते. ते चढवून घ्या. मोहननगरच्या विमा रुग्णालयात तिला हक्काने उपचार मिळतील. ठराविक अटी पूर्ण करून निवृत्त झालेल्या विमाधारकाला व त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. त्यासाठी किमान पाच वर्षांची विमायोग्य नोकरी सिद्ध व्हावी लागते, आणि दर काही महिन्यांनी कंत्राटदार बदललेल्याची कथा इथेच अडते. जानेवारी २०१७ मध्ये पगाराची मर्यादा २१ हजार करण्यात आली. त्यापुढे पगार गेला की मुलाबरोबर आईही योजनेबाहेर. पगारवाढीचे पेढे घेऊन आलेल्या एका तरुणाला हे समजावून सांगताना आमच्या समाजसेविकेला जे वाटले ते तिने आम्हांला सांगितले; इथे सांगत नाही.

पत्त्याचेही असेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागातील अनधिकृत पत्राशेड मोठ्या प्रमाणावर हटवण्यात आल्या. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेत शिरण्याचे हे व्यासपीठ नव्हे. आमचा संबंध एवढाच की भंगार व्यवसायावर जगणाऱ्या, बहुसंख्येने उत्तर प्रदेशातील मुस्लिम कुटुंबांतील काही वृद्ध रुग्ण त्यानंतर आमच्या हातून निसटले. क्षयरोगाचे किंवा मधुमेहाचे कार्ड आमच्याकडे आहे, त्यावरचा पत्ता आता रिकामी जमीन आहे. अल्पसंख्याक समाजाच्या स्थितीविषयी २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आणि २०१३ चा राज्यातील महमूद-उर-रहमान अभ्यासगटाचा अहवाल पुष्कळ काही सांगून गेले आहेत. त्या अहवालांतील माणूस आमच्याकडे येतो तो खोकत, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, आणि बहुधा उशिरा.

देणगीदार मंडळींपैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. आपणही तिकडे राहून आला असाल. जाताना सहा महिन्यांची औषधे बॅगेत भरून नेता, दात इथेच दुरुस्त करून जाता, आणि तिकडे छातीत दुखले तरी 'बहुतेक पित्त असेल' म्हणून मुलाला सांगत नाही. कारण तिथल्या रुग्णालयाच्या देयकाची आपल्याला धास्ती असते. ग्रीन कार्ड मिळालेल्या, पण तिकडे नोकरी न केलेल्या ज्येष्ठाला सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय तिथल्या सरकारी वैद्यकीय विम्यात शिरता येत नाही. सुनेला त्रास नको, मुलाची सुट्टी जायला नको, इंग्रजी उच्चार डॉक्टरांना कळतील की नाही, ही सगळी घालमेल न्यू जर्सीतल्या पुणेकर आजोबांना जशी माहीत आहे तशीच ती खराबवाडीतल्या गोपालगंजच्या अम्माला माहीत आहे. फक्त आजोबांना परतीचे तिकीट असते. २००८ मध्ये मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने आरोग्यातील विषमतेचे मूळ माणसे जन्मतात, वाढतात, काम करतात आणि म्हातारी होतात त्या परिस्थितीत शोधले. आमच्या मते त्या अहवालाचे सार समजण्यासाठी चाकणच्या तळेगाव चौकात सायंकाळी पाळी सुटताना अर्धा तास उभे राहणेही पुरेसे आहे.

आता आम्ही काय करू इच्छितो आणि त्यासाठी आपल्याकडून काय हवे, ते सांगून आपला निरोप घेतो.

आपल्या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. वृद्ध आईला घेऊन येणारा मुलगा गुरुवारीच मोकळा. म्हणून ज्येष्ठांचा विशेष बाह्यरुग्ण विभाग गुरुवारी दिवसभर चालवण्याचे वैद्यकीय विभागाने ठरवले आहे. कान, डोळे, रक्तदाब, साखर आणि स्त्रियांची तपासणी एकाच मजल्यावर, जिना न चढता. स्त्रियांच्या तपासणीच्या खोलीत नातेवाईक नसेल, त्यांची बोली जाणणारी भगिनी असेल. वैद्यकीय समाजसेवक त्याच दिवशी आधार, आयुष्मान आणि विमा कार्डाची कामे पाहतील. ज्यांचा कागद अडला आहे त्यांचा अर्ज तिथल्या तिथे भरून देतील.

निर्धन रुग्ण निधीला कायद्याने वाट आखून दिली आहे आणि ती योग्यच आहे. त्या वाटेत न बसणाऱ्यांसाठी, म्हणजे जे गरीब आहेत पण कागदाने गरीब नाहीत त्यांच्यासाठी, विश्वस्तांनी देणग्यांतून वेगळा ज्येष्ठ निधी उभारावा असा आमचा प्रस्ताव आहे. त्यातून पहिला खर्च तीन महिन्यांच्या औषधांचा व्हावा, म्हणजे गावी जाणारा माणूस औषधाविना जाणार नाही. दुसरा खर्च श्रवणयंत्रांचा. राज्याच्या वयोश्री योजनेतून २०२४ पासून ६५ वर्षांवरील पात्र रहिवाशांना एकदाच ३ हजार रुपये मिळू लागले. त्यात चांगले यंत्र येत नाही आणि परप्रांतीयाला तेही नाही. यंत्र देऊन भागत नाही, त्याचे सेल संपले की ते ट्रंकेत जाते. म्हणून देणगीदारांनी यंत्राबरोबर दोन वर्षांच्या सेलची जबाबदारीही घ्यावी.

तिसरी गोष्ट स्वस्त आहे. एक दुमडते कार्ड छापावयाचे आहे. डाव्या बाजूस औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नव्हे; त्यापुढे सूर्य, दुपार आणि चंद्र यांची चित्रे, म्हणजे कोणत्याही लिपीच्या माणसाला वेळ कळेल. उजवी बाजू कोरी, गावच्या डॉक्टरांसाठी. वर मराठी व हिंदीत एकच ओळ, 'डॉक्टरसाहेब, आपण दिलेले औषध कृपया इथे लिहावे.' नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे. ज्यांना सिंधी, उडिया, कन्नड किंवा उर्दू लिहिता येते त्यांनी चहाच्या वेळी आमच्या समाजसेविकांना भेटून त्या ओळीचा आपल्या भाषेतील मजकूर लिहून द्यावा. छपाई पुढच्या आठवड्यात सुरू करायची आहे.